शेंगेन व्हिसा: या चुका टाळा, आणि रिजेक्शनचं पत्र फेकू नका

आमच्या मावशीला नातवाच्या बारशाला म्युनिकला जायचं होतं, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) आला तेव्हा घरात सगळ्यांनी फोटो बघितला, नावाचं स्पेलिंग बघितलं आणि पेढे वाटले. स्टिकरवर १ मे ते १४ जून असं होतं, म्हणून रिटर्न तिकीट १३ जूनचं काढलं. खाली दिवसांच्या रकान्यात ३० छापलेलं कुणी वाचलंच नाही! म्हणजे त्या तारखांच्या मधले कुठलेही ३० दिवसच राहायची परवानगी. वेळेत लक्षात आलं म्हणून वाचलो, तिकीट बदलायचा भुर्दंड बसला तो बसलाच.

दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळाला की लोक अजून गडबड करतात. त्यावरही कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०च दिवस राहता येतं, पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरून. समजा १ मार्च ते २९ मे राहिलात, तर ९० झाले, आता परत पाय ठेवायचा तर २८ ऑगस्टला. मधे लंडनला चक्कर मारून आलं की मीटर शून्यावर येतो हे कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. आणि पूर्वी शिक्का पुसट असला की चालून जायचं म्हणतात, ते दिवस गेले, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची सिस्टीम टप्प्याटप्प्याने सुरू झाली, चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन एंट्री-एक्झिट कॉम्प्युटरवर जाते आणि जास्त राहिलेला दिवस तिथे आपोआप दिसतो.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त दिवस राहणार तिथे, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळेल तिकडे फाइल टाकायची आणि फिरायचं भलतीकडे, हा जुगार आहे. आणि हो, आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत.

गोव्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर फ्रान्समध्ये राहतोय आणि बायको भारतीय पासपोर्टवर त्याच्याकडे चाललीय, तर ती साधी टुरिस्ट नाही. २००४ च्या युरोपियन नियमाने तिला व्हिसा फी नाही, पगाराच्या स्लिपा नाहीत, नातं सिद्ध करायचं आणि नवऱ्याकडे जातेय हे दाखवायचं, बस. तरी तिला टुरिस्टच्या रांगेत बसवून ९० युरो भरायला लावणारे भेटतातच.

आता रिजेक्शन, इथे सगळ्यात मोठी चूक होते. आमच्या एजंटने एका ओळखीच्यांना सरळ सांगितलं, "अपील-बिपील काही नसतं काका, परत फाइल टाकू." परत फाइल म्हणजे परत ९० युरो, आणि त्याचे चार्जेस वेगळे. खरं तर नकाराच्या छापील फॉर्मवर कारणापुढे टिक केलेली असते आणि अपील कुठे, किती मुदतीत करायचं तेही लिहिलेलं असतं. तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. पोलंडच्या मोरोक्कोतल्या कॉन्सुलने नाकारलेल्या एका व्हिसावरून प्रकरण युरोपियन युनियनच्या कोर्टात गेलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांच्या सनदेचं कलम ४७ इथेही लागू आहे, म्हणजे कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर न्यायालयात दाद मागायची सोय पाहिजेच.

पण डोकं शांत ठेवून ठरवा. अपील ज्याने नकार दिला त्या देशाच्या कायद्याने चालतं. जर्मनीत वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा, ते १ जुलै २०२५ पासून बंद झालं, आता नवा अर्ज नाहीतर थेट बर्लिनचं प्रशासकीय कोर्ट. आठ दिवसांच्या ट्रिपसाठी मी कोर्टात जाणार नाही, राहिलेला कागद जोडून नवा अर्ज करीन. कारणच धडधडीत चुकीचं असेल, तर मात्र लढण्यात अर्थ आहे.

जुना नकार लपवायच्या भानगडीत तर पडूच नका, तो व्हीआयएस नावाच्या सामायिक डेटाबेसमध्ये ५ वर्षं असतो आणि दुसऱ्या देशाची वकिलातही तो बघते. आणि पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट, कुरिअरची पावती, सगळं ठेवा, अपीलाची मुदत साधारण पत्र हातात पडल्यापासून मोजतात.