अकासाकाच्या हिकावा देवळात जाताना

तोक्योच्या मेइजी देवळात पुढच्या माणसाची नक्कल करून वेळ मारून नेता येते. तोक्योच्याच अकासाका भागातल्या हिकावा या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पुढे माणूसच नसतो. म्हणून रीत आधी माहीत हवी.

नकाशात नुसते ‘हिकावा’ लिहू नका. या नावाची देवळे तोक्यो आणि शेजारच्या साइतामात ढिगाने आहेत, आणि भलत्याच देवळाच्या दारात जाऊन उभे राहणे सहज घडते. ‘अकासाका हिकावा’ असे पूर्ण लिहा. चियोदा मेट्रो मार्गावरचे अकासाका किंवा नाम्बोकू मेट्रो मार्गावरचे रोप्पोंगी-इत्चोमे, दोन्ही स्थानकांकडून साधारण दहा मिनिटांची चाल आहे. वाटेत चढ लागतो.

तोरी म्हणजे देवळाची कमान. तिच्याखालून जाण्याआधी किंचित वाका आणि वाटेच्या कडेने चाला, मधली वाट देवाची. पुढे पाण्याचे कुंड येते. उजव्या हाताने पळी एकदाच भरून घ्या, कारण सगळे त्याच पाण्यात उरकायचे असते. आधी डावा हात धुवा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडे पाणी ओता आणि चूळ भरा. डावा हात परत धुवा. शेवटी पळी उभी धरा म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळते आणि दांडाही धुतला जातो. आपल्याकडच्यांची चूक इथेच होते: हे तीर्थ नाही, प्यायचे नाही. पळीला तोंड लावायचे नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही. पळ्या ठेवलेल्या नसतील तर वाहत्या धारेखाली हात धुतले की झाले.

दानपेटीत नाणे अलगद सोडा. भोकाचे पाच येनचे नाणे लोक मुद्दाम जपून ठेवतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ऋणानुबंध. घंटा असेल तर दोर हलवून वाजवा. मग कमरेतून दोनदा खोल वाका, उजवा तळवा जरासा खाली सरकवून दोन टाळ्या वाजवा, हात जोडून मनातले सांगा आणि पुन्हा एकदा वाका. बौद्ध देवळात मात्र टाळ्या नसतात. बाहेरूनच नमस्कार करायचा असल्याने जोडे काढावे लागत नाहीत. नारळ, प्रदक्षिणा, प्रसाद यांची इथे प्रथा नाही.

आता मान वर करा. ही वास्तू 1730 मध्ये आठवा शोगुन (त्या काळचा लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा योशिमुने याने बांधवली. तो काटकसरीसाठी प्रसिद्ध होता, त्यामुळे लाल रंग सोडला तर नक्षीकाम बेताचेच दिसते. 1923 चा भूकंप आणि दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बहल्ले यांतून ती वाचली, आणि तोक्योत असे भाग्य फार थोड्या इमारतींच्या वाट्याला आले. आवारातला गिंको वृक्ष सुमारे 400 वर्षांचा मानतात, म्हणजे या वास्तूहूनही जुना. त्याची पिवळी पाने पाहायची असतील तर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात गाठा.

देवळाचा शिक्का आणि सुलेखन, म्हणजे गोशुइन, हवे असेल तर त्यासाठीची खास वही न्या. साधी वही पुढे केली तर नकार मिळू शकतो. सुटे पैसे जवळ ठेवा आणि नमस्कार आधी करा, शिक्का नंतर. शनिवार-रविवारी लग्ने असतात. मिरवणूक आली तर बाजूला व्हा, आणि वधूच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका.