प्रायमरीत मत कुणाला, प्रतिनिधी किती: अमेरिकेत नव्याने स्थिरावणाऱ्यांसाठी

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे तिकीट, आणि तिकीट वरून येतं. इथे राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट पक्षाच्या अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, मतदानाने देतात. ते प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडायचं मतपत्रिकेवरचं मतदान) आणि कॉकसमधून (पक्षाच्या स्थानिक सभांतली निवड) ठरतात. टीव्हीवर रात्री 'अमुक राज्य जिंकलं' असा गजर चालू असतो, तेव्हा प्रचाराच्या वॉररूममधली माणसं वेगळाच आकडा बघत असतात: आज पदरात प्रतिनिधी किती पडले. या दोन आकड्यांचं नेहमी जुळतंच असं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी तुमच्या कागदपत्रांचं. एच-१बी, एल-१, एफ-१ व्हिसा किंवा ग्रीन कार्ड यांपैकी काहीही असेल तर मत नाही आणि मतदार नोंदणीही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना 'मतदार म्हणून नोंदवू का' असा प्रश्न येतो. स्क्रीनवर घाईत 'होय' दाबणं ही इथे नव्याने आलेल्यांची सर्वांत महागडी चूक. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात 'कधी नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का' असं स्पष्ट विचारतात. खोट्या नोंदणीवरून अर्ज अडतो, हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. चुकून झालीच असेल तर आधी इमिग्रेशन वकील गाठा, मग बाकीचं.

पैशांचं निराळं. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो, एच-१बीवाला देऊ शकत नाही, अगदी पाच डॉलरसुद्धा नाही. आणि नागरिक असलेल्या बायकोच्या नावावर तुम्ही पैसे घालायचे ही पळवाटही गुन्ह्यात मोडते. फुकट स्वयंसेवा मात्र कुणालाही चालते: फोन करा, दारोदार फिरा, पाकिटं भरा. मानधन घेऊ नका आणि खर्चाच्या निर्णयात पडू नका.

नागरिक झालात की शपथविधीच्या दिवशीच बहुधा नोंदणीचा फॉर्म हातात पडतो. बऱ्याच राज्यांत त्यात पक्षाचा रकाना असतो. 'आपल्याला कुठल्या पक्षात अडकायचं नाही' म्हणून पुष्कळ जण तो कोरा सोडतात. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क इथे प्रायमरी बंद असते, रकाना कोरा म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत घरी बसायचं. त्याहून फसवं म्हणजे कॅलिफोर्नियातला 'अमेरिकन इंडिपेंडंट' हा पर्याय. तो अपक्ष नव्हे, त्या नावाचा पक्षच आहे. अपक्ष राहायचं असेल तर तिथे 'नो पार्टी प्रेफरन्स' निवडतात. डेमोक्रॅटिक मतपत्रिका मग मागून मिळते, रिपब्लिकन मिळत नाही. टेक्सस, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही, त्या त्या वेळी एका पक्षाची मतपत्रिका मागायची. न्यू जर्सीत कोऱ्या रकान्याचा मतदार केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी अर्ज लागतो. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत. २०१६ साली हीच मुदत आदल्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरला संपली होती आणि खुद्द ट्रम्प यांची दोन मुलं वडिलांना मत देऊ शकली नाहीत. नियम बदलत राहतात, म्हणून जानेवारीत एकदा राज्याच्या निवडणूक खात्याच्या साइटवर आपली नोंद उघडून बघा.

आता गणित. डेमोक्रॅटिक पक्षात सगळीकडे प्रमाणशीर वाटप, मात्र १५ टक्क्यांचा उंबरठा. हा उंबरठा राज्यासाठी वेगळा आणि प्रत्येक काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसद) मतदारसंघासाठी वेगळा मोजतात. १५ च्या खाली राहिलेल्यांची मतं बाजूला काढून उरलेल्यांत जागा वाटल्या जातात.

समजा, एका मतदारसंघात ६ प्रतिनिधी आहेत. पहिल्याला ४० टक्के, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला १४, बाकी किरकोळ. तिसरा बाद. उरल्या ७० मतांत पहिल्याचा वाटा ५७ टक्के, म्हणजे ३.४३ जागा, दुसऱ्याच्या २.५७. अपूर्णांक ज्याचा मोठा त्याला उरलेली जागा, म्हणून निकाल ३-३. दहा टक्क्यांनी जिंकून पदरात आघाडी शून्य! आता पहिल्याचं एक टक्का मत तिसऱ्याकडे गेलं असं धरा: ३९, ३०, १५. तिसरा उंबरठा ओलांडतो आणि हिशेब होतो २.७९, २.१४, १.०७. जागा ३, २, १. पहिल्याने मत गमावलं आणि तरी तो दुसऱ्याच्या पुढे गेला, कारण तिसऱ्याची जागा दुसऱ्याच्या ताटातून गेली. म्हणून आघाडीवरचा उमेदवार तिसऱ्यावर कधीकधी मुद्दाम टीका करत नाही. लोकांना तो मोठेपणा वाटतो.

सम आणि विषम जागांचाही खेळ आहे. दोघांतच लढत असेल तर ४ जागांच्या मतदारसंघात ३-१ करायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. ५१ मिळवा नाहीतर ६२, निकाल २-२ च. पाच जागांच्या ठिकाणी मात्र निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की ३-२. त्यामुळे शहाणा प्रचारप्रमुख ४ जागांचा मतदारसंघ ५५ टक्क्यांवर असेल तर तिथला पैसा उचलून ४९ वर असलेल्या पाच जागांच्या मतदारसंघात नेतो. तुमच्या गावात जाहिराती अचानक थांबल्या तर उमेदवार हरला असं समजू नका, तुमच्या जागा ठरून गेल्या आहेत.

२००८ ची हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा ही डेमोक्रॅटिक लढत याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांवर मतं पडली आणि क्लिंटन यांनी प्रतिनिधी ५९-४८ असे जिंकले, आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला जेमतेम वीसेक हजार माणसं आली. ओबामा यांनी तिथे १५-३ असे प्रतिनिधी घेतले, आघाडी १२ ची. एडिसन-जर्सी सिटीकडच्या आपल्या मंडळींना हे पटायला जड जातं, पण त्या दिवशी अख्ख्या न्यू जर्सीची भरपाई आयडाहोने केली. क्लिंटन यांच्या चमूने कॉकसची राज्यं बिनमहत्त्वाची धरली होती. टेक्ससात तर त्याच वर्षी प्रायमरी आणि कॉकस दोन्ही होते. प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, कॉकस ओबामा यांनी, आणि एकूण प्रतिनिधी ओबामांचे जास्त, ९९-९४.

रिपब्लिकनांचं तर्कशास्त्र वेगळं. त्यांच्यात प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला ३ प्रतिनिधी, तिथे पक्षाचे मतदार लाख असोत की मूठभर. ब्रॉन्क्समधल्या, जिथे रिपब्लिकन शोधावा लागतो अशा मतदारसंघाचं वजन ग्रामीण बालेकिल्ल्याइतकंच. न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला नियम असा होता की निम्म्याहून जास्त मतं मिळाली की तिन्ही जागा, नाहीतर पहिल्याला २ आणि दुसऱ्याला १. ट्रम्प यांनी ९५ पैकी ८९ घेतल्या, प्रतिस्पर्धी जॉन केसिक यांना ६, टेड क्रूझ यांच्या हाती भोपळा.

१५ मार्चच्या आधी राज्यांनी प्रमाणशीर वाटप करायचं हा त्यांचा सर्वसाधारण नियम, पण त्यातही 'निम्म्याच्या वर गेलात तर सगळं' अशी पळवाट ठेवता येते. २०२४ ला कॅलिफोर्नियाच्या १६९ जागांना तीच लावली होती. १५ नंतर 'जिंकेल त्याला सगळं' खुलं. २०१६ मध्ये त्याच तारखेला फ्लोरिडाच्या ९९ जागा ट्रम्प यांनी ४६ टक्क्यांच्या आतच एकगठ्ठा नेल्या, आणखी एक प्रतिस्पर्धी मार्को रुबियो घरच्या राज्यात हरून त्याच रात्री बाहेर पडले. ओहायोच्या ६६ केसिक यांना गेल्या. त्याआधी रुबियोंच्या प्रचारचमूने ओहायोतल्या आपल्या समर्थकांना केसिकना मत द्या असं उघड सांगितलं होतं. विरोधकांची मतं फुटली की एकगठ्ठा पद्धतीत आघाडीवरच्याचं फावतं, म्हणून हा उपाय. केसिक यांनी मात्र परतफेड केली नाही. एप्रिलअखेर क्रूझ आणि केसिक यांनी राज्यं वाटून घेतली, इंडियाना क्रूझना, ओरेगन आणि न्यू मेक्सिको केसिकना. उशीर झाला होता. ३ मेला इंडियानाच्या ५७ च्या ५७ जागा ट्रम्प यांना. असा समेट करायचा तर फेब्रुवारीत, मतदारांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

दुसरी लढाई शांतपणे चालते: प्रतिनिधी म्हणून जाणार कोण? मतांनी ठरतो आकडा, माणसं बऱ्याच ठिकाणी वेगळ्या सभांत निवडली जातात. रिपब्लिकनांच्या कॉकस राज्यांत प्रभागाची सभा, मग काउंटी, मतदारसंघ, राज्य अशी शिडी असते. प्रभागाच्या सभेला कधी पंधरा-वीस माणसं येतात, त्यातून पुढच्या सभेला पाच जायचे. तिथे जो रात्री साडेदहापर्यंत बसून राहतो तो पुढे जातो. आयोवात २०१२ ला सँटोरम पहिले, ३४ मतांच्या फरकाने रॉम्नी दुसरे आणि रॉन पॉल तिसरे आले. अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ मतं पडली पॉल यांना! त्यांची माणसं सभा संपेपर्यंत उठली नव्हती, बस्स. त्यानंतर पक्षाने प्रतिनिधींना राज्याच्या निकालाशी बांधून टाकलं. २०१६ मध्ये कोलोरॅडोने मग पसंतीचं मतदानच घेतलं नाही, आणि सभांमधून निवडलेल्या ३४ च्या ३४ जागा क्रूझ यांच्या माणसांनी घेतल्या. पेनसिल्व्हेनियात १८ मतदारसंघांतून ३ प्रमाणे ५४ प्रतिनिधींची नावं थेट मतपत्रिकेवर होती, पण कोण कुणाचा ते छापलेलं नव्हतं. यादी घरून लिहून नेली नाही तर ओळखीचं आडनाव बघून खूण करायची.

बांधिलकी मुख्यतः पहिल्या फेरीपुरती. २०१६ ला २,४७२ पैकी बहुमताचा १,२३७ चा आकडा कुणालाच गाठता आला नसता, तर दुसऱ्या फेरीपासून बहुतेक प्रतिनिधी मोकळे झाले असते. क्रूझ यांची सगळी खटपट त्यासाठी होती. ट्रम्प यांना बांधलेल्या जागांवर आपल्या मनाची माणसं बसवायची आणि दुसऱ्या फेरीची वाट बघायची. गुवाहाटी पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. डेमोक्रॅटांचे सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे खासदार, राज्यपाल, पदाधिकारी, २०१८ च्या सुधारणेनंतर चुरशीच्या पहिल्या फेरीत मत देत नाहीत. बेळगावात वाढलेले मिशिगनचे श्री ठाणेदार २०२४ ला खासदार या नात्याने याच गटात होते. त्यांची स्वतःची २०२२ ची प्रायमरी बघा: नऊ उमेदवारांत २८ टक्क्यांच्या आसपास मतं आणि विजय. काँग्रेसच्या प्रायमरीत तेवढ्यावर गंगेत घोडं न्हातं, राष्ट्राध्यक्षपदाला प्रतिनिधींचं बहुमत लागतं.

स्वतः प्रतिनिधी व्हायचं असेल तर डेमोक्रॅटिक बाजूने वाट तुलनेने सरळ आहे. राज्य पक्षाचा 'डेलिगेट सिलेक्शन प्लॅन' आदल्या वर्षीच काढून वाचा, मुदती त्यात असतात. उमेदवारीचा अर्ज आणि 'मी अमक्याला पाठिंबा देतो' असं लेखी वचन, दोन्ही मुदतीत भरा. मग त्या उमेदवाराचा चमू यादी तपासतो आणि नको ती नावं कापतो. इथे बहुतेक नवखे गळतात, कारण त्या चमूत त्यांना कुणी ओळखत नसतं. वर्षभर आधी फोन केलेले, सह्या गोळा केलेले असले पाहिजेत. पुढे मतदारसंघाच्या सभेत मतदान. चाळीस लोक गाडीत घालून आणलेत तर निवडून याल. स्त्री-पुरुष समसमान हवेत आणि आशियाई वंशाच्या सहभागाचं उद्दिष्टही त्याच आराखड्यात लिहिलेलं असतं, ते दाखवून बोला. प्रवास आणि हॉटेल आपल्या खिशातून, काही हजार डॉलर सहज जातात.

मतदाराच्या चुका साध्या असतात. टपालाची मतपत्रिका आली की त्याच संध्याकाळी भरून पाठवायची, ही आपली शिस्तीची सवय इथे नडते. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुशर २ मार्चला बाहेर पडले, सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान असतं तो मंगळवार, ३ तारखेला. आधी पाठवलेली मतं त्यांच्याच नावावर राहिली, परत घेता आली नाहीत. लढत चुरशीची असेल तर मतपत्रिका शेवटच्या दोन दिवसांपर्यंत घरात ठेवा आणि टपालाऐवजी काउंटीच्या ड्रॉप बॉक्सात टाका. वॉशिंग्टन राज्यात सगळं मतदान टपालाने, तिथे सिएटलकरांनी पाकिटाची बाहेरची बाजू नीट बघायची: कुठल्या पक्षाचे ते तिथे खूण करून सही करावी लागते. आतली मतपत्रिका कितीही अचूक असली तरी बाहेरची खूण राहिली की ते मत मोजत नाहीत.