मांजराला टक्कल पडलंय: केस गळताहेत की चाटून तुटताहेत?

डोळा आणि कान यांच्या मधली जागा विरळ दिसणं मांजरात नैसर्गिक आहे, ती सोडून द्या. इतर कुठे टक्कल दिसलं, तर औषधाआधी केस मुळातून गळताहेत की मांजर चाटून तोडतंय, हे ठरवा. बहुतेकदा दुसरंच असतं. चाटणं एरवी स्वच्छतेचंच वाटतं आणि मांजर ते आडोशालाही करतं, त्यामुळे 'आमचं मांजर खाजवत नाही' यावर विसंबू नका.

टकलाच्या कडेवर बोट उलटं फिरवा. खुंट टोचले, तर केस तुटलेले आहेत. कडेचे दोन-चार केस भिंगाखाली धरा: शाबूत केस टोकाला निमुळता असतो, चाटलेला बोथट किंवा चिरलेला. हलक्या हाताने ओढताच झुबका निघाला, तर मात्र दोष मुळाशी आहे.

शेपटीच्या मुळाशी, कमरेवर किंवा मांड्यांच्या मागे केस गेले असतील तर पहिला संशय पिसवांचा. बारीक फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. काही सापडलं नाही म्हणून पिसवा नाहीत असं नाही. मांजर त्या चाटून गिळतं, आणि ॲलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांना निदान तीन महिने सलग औषध द्यावं लागतं, कारण गालिच्यातले कोश आठवडेच्या आठवडे टिकतात. पण कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्याने थरथर, झटके येतात, जीवही जातो.

चेहरा, कान, पुढचे पाय इथे कोंडा धरलेले गोल चट्टे असतील तर गजकर्ण (बुरशीचा संसर्ग) समजून चाला. यातही केस तुटतात, म्हणून वरच्या चाचणीवर थांबू नका. ते माणसांनाही लागतं. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. वूड्स दिव्याखाली (डॉक्टरांकडचा अतिनील दिवा) केस चमकले नाहीत तरी गजकर्ण असू शकतं. बुरशीच्या कल्चरला, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, दोन-तीन आठवडे लागू शकतात.

फक्त पोट चाटून साफ केलंय? मूत्राशयाचं दुखणंही असू शकतं. वारंवार लघवीला बसून थेंबही होत नसेल, विशेषतः बोक्याला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा.

अन्नाची ॲलर्जी रक्ततपासणीत खात्रीने कळत नाही. डॉक्टरांनी ठरवलेला एकच आहार आठ आठवडे द्यावा लागतो. मधे एक खाऊचा तुकडा दिला तरी निकालावर भरवसा राहत नाही.

'ताणामुळे चाटतंय' हे निदान सर्वांत शेवटचं. आणि कारण न शोधताच स्टेरॉइडचं इंजेक्शन नको: खाज थांबते, केसही येतात, पण मूळ तसंच राहतं, आणि गजकर्ण असेल तर पसरतं.

उपचार सुरू झाले की दर पंधरा दिवसांनी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा. बारीक लव काही आठवड्यांत दिसते, पूर्ण केस यायला दोन-तीन महिने जाऊ शकतात.