खेळण्यांचा कोपरा, आपल्याकडच्या पावसात

खानापूर-बेळगावात जूनपासून भिंतींना ओल धरते. त्यामुळे मुलांच्या खेळण्यांची मांडणी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आतल्या भिंतीशी ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा. आमच्या कापडी अस्वलाच्या पाठीवर श्रावणापर्यंत पांढरी बुरशी आली होती. दोनदा उन्हात घातलं, मग निरोपच दिला.

मांडणी मुलाच्या छातीइतकीच उंच हवी, आणि चढलं तरी उलटू नये म्हणून लोखंडी पट्टीने भिंतीला जखडलेली. प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यांपेक्षा बुरुडाच्या टोपल्या बऱ्या, हवा खेळते. गोकाकची रंगीत लाकडी फळं मात्र वरच्या फळीवर शोभेला ठेवा. ती पुसायची ती कोरड्या फडक्यानेच.

टोपल्यांवर चित्र चिकटवा, खाली नाव मराठीत आणि कन्नडमध्ये. शाळेत दोन्ही लिप्या शिकायच्याच आहेत. 'बाहुली'खाली 'गोंबे' आलं; चेंडू मात्र दोन्हीकडे चेंडूच, यावर आमची धाकटी अजून हसते.

निम्मी खेळणी माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. जुनंच खेळणं नवं होऊन खाली येतं.