गल्लीतील ज्येष्ठांसाठी, आणि ज्येष्ठांना बरोबर घेऊन, स्वयंसेवी काम कसे सुरू करावे

दरवर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाला, सांगलीत ठिकठिकाणी शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतात आणि पाहुणे आपापल्या घरी जातात. यात वाईट काही नाही. पण ज्यांना शाल मिळते त्यांच्या कपाटात आधीच्या चार शाली घडी न मोडता पडलेल्या असतात, आणि ज्यांना मिरजेच्या दवाखान्यात जायला नुसती सोबत हवी असते त्यांच्याकडे पुढच्या मंगळवारी कोणी फिरकत नाही. वर्षभर चालेल असा आठ-दहा जणांचा गट आपल्याच गल्लीत कसा उभा करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. त्याची एकच अट आहे, आणि ती मी सैल करणार नाही: गटातील निम्मे स्वयंसेवक स्वतः साठीच्या पुढचे असावेत.

पहिली पायरी: वही घेऊन चाळीस घरे

सुरुवातीला संपूर्ण प्रभाग अंगावर घेऊ नये. चालत फिरता येतील अशी चाळीस-पन्नास घरे पुरेशी आहेत. दोघांनी जावे, आणि त्यांतील एक जण गल्लीला ओळखीचा असा ज्येष्ठ असावा. अनोळखी तरुण दोघे दारात उभे राहिले, तर हल्लीच्या दिवसांत कडी उघडत नाही आणि उघडूही नये. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर आधी तेथे जाऊन बोलावे, कारण निम्मी माहिती त्यांच्याकडे तयार असते.

‘तुम्हाला काय मदत हवी?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘काही नको बाबा, पोरं बघतात.’ त्याऐवजी काल दुपारी काय केले, घराबाहेर शेवटचे कधी पडलात, औषधे कोण आणून देते, असे साधे प्रश्न विचारले की खरी परिस्थिती आपोआप कळते. आणि उठण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारावाच: ‘तुम्ही आम्हाला कशात मदत कराल?’ आमच्याकडे गुडघ्यांमुळे जिना न उतरणारे एक निवृत्त एसटी वाहक आण्णा या प्रश्नावर एकदम खुर्चीत सरळ बसले. आता कोणत्या गावी कोणती गाडी किती वाजता, ७५ वर्षांवरील व्यक्तीला एसटीचा प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट, त्यासाठी जवळ कोणते ओळखपत्र ठेवायचे, हे सारे फोनवरून तेच सांगतात.

दुसरी पायरी: वार ठरवणे

एका स्वयंसेवकाकडे दोनपेक्षा अधिक घरे देऊ नयेत, आणि भेटीचा वार व वेळ एकदा ठरली की ती बदलू नये. एकट्या माणसाला गुरुवारी पाच वाजता कोणी येणार आहे हे ठाऊक असले, की तो गुरुवारचा सकाळपासूनचा दिवस त्या बेताने लावतो. अशा वेळी न कळवता दांडी मारणे हे मुळीच न जाण्याहून वाईट.

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील मुले घ्यावीत, पण डोळे उघडे ठेवून. त्यांना दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, आणि तास भरले की मूल दिसेनासे होते, हा अनुभव नवा नाही. म्हणून मुलाची जोडी थेट आजी-आजोबांशी न लावता गटातील एखाद्या ज्येष्ठ स्वयंसेवकाशी लावावी, म्हणजे मूल गेले तरी भेट थांबत नाही.

तिसरी पायरी: काय करायचे नाही

रोख पैसे, एटीएम कार्ड, पिन आणि घराची किल्ली यांना स्वयंसेवकाने हात लावू नये. औषधे आणून द्यावीत, डब्यात वारांप्रमाणे भरायला मदत करावी, पण कोणती गोळी बंद करावी आणि कोणती सुरू करावी याबद्दल चकार शब्द काढू नये. मृत्युपत्र, घराची वाटणी, सूनबाईंचा स्वभाव या विषयांवर ऐकून घ्यावे आणि बाजू घेऊ नये.

चौथी पायरी: नोव्हेंबरचा हयातीचा दाखला

गटाचा जम बसायला एक ठोस, डोळ्यांना दिसणारे काम लागते, आणि माझ्या मते हयातीच्या दाखल्याइतके चांगले काम दुसरे नाही. शासकीय निवृत्तिवेतनधारकांना तो नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्र शासनाच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना मात्र १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. साखर कारखान्यातून किंवा सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शनवाल्यांचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यामुळे प्रत्येकाची तारीख वहीत वेगळी लिहावी लागते.

जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे, पण पूर्वी ती बोटांच्या ठशांवर अडत असे. आमच्या एका आजींची हयात मार्केट यार्डात हळद निवडण्यात गेली, आणि त्याच हातांमुळे यंत्रावर ठसा उमटेना. चार वेळा अंगठा टेकवून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘बोटं झिजली रे बाळा, मी हाय न्हवं हितं?’ आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन अ‍ॅप घ्यावीत, आणि मदत करणाऱ्याने आधी स्वतःची नोंद करावी. मग त्याच फोनवरून अनेकांचे दाखले काढता येतात. पेन्शनधारकाचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खाते आणि ओटीपीसाठी त्यांचा स्वतःचा मोबाईल एवढे जवळ हवे.

खुर्ची खिडकीसमोर, उजेड चेहऱ्यावर येईल अशी ठेवावी; पाठीमागे उघडे दार असले की चेहरा काळा येतो. चष्मा काढून ठेवावा, पदर किंवा टोपी कपाळावरून मागे घ्यावी. अ‍ॅप पापण्या मिटायला आणि उघडायला सांगते, आणि नेमके तेथेच अडते: आजींनी देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटले, ते उघडलेच नाहीत. म्हणून आधी दोनदा सराव करून घ्यावा. दाखला निघाला की त्याचा प्रमाण क्रमांक आणि तारीख वहीत लिहून, एक छापील प्रत घरी द्यावी.

याच भेटीत एक गोष्ट ठासून सांगावी. ‘पेन्शन बंद होईल, हयातीचा दाखला फोनवरच करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो चोराचा असतो. हे आपण सांगण्यापेक्षा गटातील निवृत्त बँक कर्मचाऱ्याने सांगितले, तर अधिक पटते.

गटात निवृत्त शिक्षक असतील तर त्यांच्याजोगे दुसरे ठोस काम म्हणजे ‘उल्लास’ हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी वाचन, लेखन आणि हिशेब शिकवायचा, आणि शेवटी १५० गुणांची चाचणी, असे त्याचे स्वरूप आहे. नोंदणीसाठी जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटावे. साठीच्या बाईंनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला सही शिकवणे हे तरुणाने शिकवण्यापेक्षा सोपे जाते, कारण चुकल्यावर लाजण्याचे कारण उरत नाही.

पाचवी पायरी: पुराची यादी, मे महिन्यातच

सांगलीतील कोणत्याही गटाला हे काम टाळता येणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते, पण सूर्यवंशी प्लॉट किंवा इनामदार प्लॉटसारख्या सखल भागांत पाणी त्याआधीच शिरते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. तेव्हा अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी ‘२००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं, आता काय येतंय’ असे म्हणून निघायला नकार दिला, आणि ती खूण त्या वर्षी खोटी ठरली. ज्येष्ठांची आठवण हा पुराचा सर्वांत चांगला नकाशा आहे, फक्त तो जुना नकाशा आहे, हे त्यांच्याच तोंडून इतरांना सांगता आले पाहिजे. यासाठी मे महिन्यात चार-पाच जुन्या मंडळींना गल्लीतून फिरवावे, २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कोठवर आले ते विचारून भिंतीवर खडूने खुणा करून घ्याव्यात, आणि प्रत्येक घरातील ज्येष्ठाने किती फुटांना घर सोडायचे ते त्यांच्यासमोर ठरवून वहीत लिहावे.

हा आकडा इशारा पातळीच्या पुष्कळ आत असावा. धडधाकट माणसाला शेवटच्या क्षणी बोटीतून काढता येते. पण ज्यांना पाय दुमडून खाली बसता येत नाही अशा आजोबांना बोटीत चढवणे हे चार माणसांचे आणि जिवावरचे काम असते. रस्ता कोरडा असेपर्यंत रिक्षाने, आणि दिवसाउजेडी, निघायचे. कोणाकडे जायचे ते घर आधी ठरवावे आणि त्या घरमालकाला स्वतः जाऊन विचारावे. ‘जातील की मुलीकडे’ असे गृहीत धरू नये, कारण मुलीचे घरही नदीकाठी असू शकते.

प्रत्येकाची एक पिशवी खुंटीला तयार असावी. तिच्यात पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि पीपीओ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. जुना का होईना, जास्तीचा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि कवळीची डबी लोक हमखास विसरतात.

घरातच काही बिघडले असेल तर

कधी भेटीत अंगावरचे वळ दिसतात, कधी जेवणाचे ताट रिकामेच असते. अशा वेळी स्वयंसेवकाने घरात भांडू नये. ज्येष्ठांशी एकट्याने बोलून त्यांची इच्छा विचारावी आणि त्यांच्या संमतीने १४५६७ या एल्डरलाइनवर फोन करावा. तेथे सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत सल्ला मिळतो. जिवाला धोका दिसत असेल तर संमतीची वाट न पाहता ११२ लावावा. २००७ च्या कायद्यानुसार साठ वर्षांवरील व्यक्तीला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करायचा असतो, आणि स्वतः जाणे शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. हे काम मात्र गटातील अनुभवी माणसाने, वकिलांशी बोलूनच करावे.

वही पुढे देताना

स्वयंसेवक बदलतात, कोणाची बदली होते, कोणाची बारावी येते, कोणाचे स्वतःचे गुडघे जातात. ज्याला एखाद्या घराची भेट सोडायची आहे त्याने नव्या माणसाला ठरलेल्या वारी बरोबर घेऊन जावे, शेजारी बसवून चहा घ्यावा, आणि पुढच्या गुरुवारी कोण येणार आहे हे त्याच्यासमोर आजींना सांगून मगच वही त्याच्या हाती द्यावी.