दुसरा स्वल्पविराम हरवला कुठं? समानाधिकरणाच्या या चुका टाळा

‘संत्रानगरी नागपूर’ म्हणून आपण मोकळे होतो. ओळख आधी, नाव नंतर, स्वल्पविरामाचा प्रश्नच नाही. इंग्रजी अपॉझिटिव्हमध्ये, म्हणजे समानाधिकरणात (नावाला जोडून त्याचीच ओळख सांगणाऱ्या शब्दांत), ओळख बहुधा नावामागून येते आणि तिथंच आपली मुलं घसरतात.

परवा शिकवणीत एका वहीत हे वाक्य होतं: ‘अंबाझरी, अ लेक इन नागपूर इज अवर पिकनिक स्पॉट.’ मी लाल पेन टेकवला, तर उत्तर आलं, ‘सर, एक स्वल्पविराम तं टाकला ना!’ एकानं भागत नाही बाबा. हा कंसासारखा प्रकार आहे, उघडला की बंद करायचा. मधले शब्द बोटानं झाका. ‘अंबाझरी इज अवर पिकनिक स्पॉट’ एवढं धड उभं राहतं ना? मग ‘नागपूर’नंतरही स्वल्पविराम हवाच. ओळख वाक्याच्या शेवटी आली, तर ते काम पूर्णविराम करतो.

हे कळलं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल तिथं स्वल्पविराम पेरतात. ‘द पोएट, सुरेश भट, वॉज बॉर्न इन अमरावती’ असं सुरुवातीलाच लिहिलं, तर जगात कवी एकच असं वाटतं. इथं नावाशिवाय कवी ओळखू येत नाही, म्हणून ‘द पोएट सुरेश भट’, स्वल्पविराम नको. घरातलंच बघा: ‘माय ब्रदर, अमित,’ म्हटलं तर भाऊ एकच. तीन भाऊ असतील, तर ‘माय ब्रदर अमित’. स्वल्पविराम घरची माणसं मोजतो म्हणा ना.

क्रियापदाची चूक किरकोळ, पण गुण खाते. ‘नागपूर, द सिटी ऑफ ऑरेंजेस, आर हॉट इन मे’ यात संत्री बघून ‘आर’ लागलं. क्रियापद नागपूरचं, म्हणून ‘इज’. उन्हाबद्दल मात्र वाद नाही.

मला सगळ्यात गमतीची वाटते ती यादीतली गफलत. ‘आय एट सावजी विथ माय अंकल, अ डॉक्टर, अँड अ लॉयर.’ डॉक्टर म्हणजे काकाच, की वेगळा माणूस? इथं स्वल्पविराम दोन्ही आहेत, तरी अर्थ लटकतो. ‘माय अंकल, हू इज अ डॉक्टर, अँड अ लॉयर’ असं लिहिलं की मांडायची ताटं तीन, चार नाही.