दम लागलेला पेशंट आणि पॅरामेडिकचा अभ्यास

पुण्यात अँब्युलन्सवर रुजू झालात की पहिल्याच थंडीत कळेल, दम लागलेल्या पेशंटचे कॉल किती येतात. कॉल घेणाऱ्याने लिहून दिलेलं असतं एवढंच : वय सत्तर, दम लागतोय. त्या दोन शब्दांमागे दमा असेल, सीओपीडी (श्वास सोडताना हवा आत अडकण्याचा जुनाट आजार) असेल, जुन्या टीबीने खराब झालेलं फुफ्फुस असेल, नाहीतर आयएलडी, म्हणजे फुफ्फुस कडक करणारा आजार. धाप सारखीच दिसते, पण आत बिघडलेली गोष्ट प्रत्येकाची वेगळी असते आणि आपण काय करायचं तेही त्यावरच ठरतं.

डिप्लोमाची मुलं पॅथोफिजिऑलॉजीचे, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं त्याचे, धडे घाईघाईने उरकताना मी दरवर्षी बघते. ‘ते डॉक्टर बघतील, आपल्याला प्रोटोकॉल पाठ असला की झालं’, असं त्यांना वाटतं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ सेवा आहे आणि तिथे गाडीत डॉक्टर असतात. पण खासगी गाडीत पुष्कळदा मागे तुम्ही एकटेच असता. डॉक्टर फोनवर असले तरी ते पेशंटला तुमच्याच डोळ्यांनी बघतात. प्रोटोकॉलचं कुठलं पान उघडायचं, हे तुम्ही त्यांना काय सांगता त्यावर ठरतं.

कसब्यातल्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावर, एक आजी कॉटच्या कडेला बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होत्या. मानेचे स्नायू ताणलेले, पायांवर सूज, तळहात गरम, नाडी ठणठणीत भरलेली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८१ टक्के. सिगारेट, बिडी, मिश्री काही नाही. मावळातल्या घरी निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. आपल्याकडे धूम्रपान न करणाऱ्या बायकांना सीओपीडी होतो तो बऱ्याचदा या धुरामुळे, म्हणून ‘चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला?’ हा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

आता यातली एकेक खूण घ्या. सीओपीडीत वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुफ्फुसाचा ताण जातो, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा. श्वास आत जातो, पण सोडताना बारीक श्वासनलिका मिटतात आणि हवा आतच अडकते. ओठांचा चंबू केला की नलिकांत थोडा दाब टिकतो आणि त्या उघड्या राहतात. आजींना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. हात रोवल्यावर खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. पायांची सूज बघून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आल्याची शंका घ्यायची. गरम हात आणि उसळती नाडी म्हणजे कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचा इशारा. यंत्र फक्त ८१ दाखवत होतं, बाकीचं सगळं आजींच्या अंगावर लिहिलेलं होतं.

अशा पेशंटच्या सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ते का, हे समजून घ्या, कारण नातेवाईक तुम्हाला त्यावरून हटवायला बघणारच. ‘जास्त ऑक्सिजन दिला की मेंदू श्वास घ्यायचं विसरतो’, हे स्पष्टीकरण वर्गात अजून चालतं, पण तो कारणाचा छोटा भाग आहे. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा खराब भागात जातं आणि तिथला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्याची कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायची ताकद कमी होते आणि तो रक्तात मोकळा होतो. निरोगी माणूस श्वास वाढवून तो बाहेर टाकतो, आजींना ते जमत नाही. मग डोकं दुखतं, झोप येते, हात फडफडतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘बरं वाटलं, शांत झोपल्या.’

हे पुस्तकी नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पॅरामेडिकनीच दवाखान्याबाहेर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सीओपीडीचा त्रास वाढल्याचा संशय असलेले ४०५ पेशंट. सरसकट जास्त ऑक्सिजन मिळालेल्यांत मृत्यू ९ टक्के, ८८ ते ९२ च्या मापात मिळालेल्यांत ४ टक्के. फरक पडला तो अँब्युलन्समध्ये, दवाखान्याच्या दारात पोचण्याआधी. आपल्या कामाचं मोल कोणी विचारलं तर मी हा अभ्यास सांगते.

आजींना व्हेंच्युरी मास्क (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा) लावला, पांढरा व्हॉल्व्ह, २८ टक्के, मिनिटाला ४ लिटर. सॅच्युरेशन ८९ वर आलं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘ताई, वाढवा ना, नव्वदपण नाही झालं!’ अशा वेळी शांतपणे सांगायचं, ‘दादा, आजींसाठी हाच आकडा बरोबर आहे. मी नजर काढत नाहीये त्यांच्यावरून.’ आणि खरंच काढायची नाही. नेब्युलायझर (औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र) गाडीत ऑक्सिजनवरच चालत असेल तर सीओपीडीत सहा मिनिटांच्या वर चालवू नका, मग परत व्हेंच्युरी लावा.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. ऑक्सिजनच्या भीतीने पेशंटला सत्तरवर ठेवणं जीवघेणं आहे. द्यायचाच, पण मापात.

आयएलडीत गोष्ट वेगळी. फुफ्फुस कडक झालेलं असतं, कोरडा खोकला, पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवला की वेल्क्रोसारखी चरचर, बोटांची नखं पुष्कळदा फुगलेली. बसून ९३ असलेला पेशंट दहा पावलांत ७८ वर येतो. कार्बन डायऑक्साइड साचण्याची भीती सहसा नसते, लागेल तेवढा ऑक्सिजन द्यावा लागतो. अशा माणसाला पेठेतल्या अरुंद जिन्यावरून ‘हळूहळू उतरा’ म्हणू नका, खुर्चीवरून उतरवा. आणि घराच्या डक्टमध्ये, गॅलरीत कबुतरं आहेत का ते विचारा. त्यांच्या विष्ठेने, पिसांनी काही जणांना फुफ्फुसाची ॲलर्जी होऊन पुढे हाच आजार होतो, आणि पुण्यातल्या सोसायट्यांत कबुतरांना तोटा नाही.

दम्याबद्दल एकच सांगते. छातीतली शिट्टी थांबली आणि पेशंट थकलेला दिसतोय, तर तो बरा होत नाहीये, हवाच आत-बाहेर होत नाहीये. कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल आणि धापा टाकणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड ‘नॉर्मल’ दिसला, तर तोही धोक्याचाच.

बॅग दाबून श्वास द्यायची वेळ आली तर हात भीतीने भरभर चालतो. सीओपीडी आणि दम्यात तो आवरा. मिनिटाला आठ-दहाच्या वर नको, आणि छाती पूर्ण खाली बसू द्या. श्वास सुटायच्या आत पुढचा दिला की हवा साठत जाते, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे रक्त परतत नाही आणि बीपी कोसळतं. तसं झालं तर बॅग काही सेकंद काढून हवा बाहेर जाऊ द्या. तरी सुधारणा नसेल आणि एका बाजूला हवेचा आवाज नसेल, तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचणं, डोक्यात आणा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

सिलिंडरचा हिशेबही यातच येतो. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर असतात. १५ लिटरने शंभर मिनिटं, ४ लिटरने सहा तास. संध्याकाळी हिंजवडीतून ससूनला निघताना हा हिशेब आधी करा.

दवाखान्यात सोपवताना ऑक्सिजन लावण्याआधीचं सॅच्युरेशन, कुठल्या मास्कवर किती लिटर, शुद्ध कशी बदलत गेली, घरी ऑक्सिजन मशीन असेल तर किती लिटरवर, हे सांगा. जुनी फाइल उशाखाली, देवघराच्या कप्प्यात, कुठेही असते. निघण्याआधी मागून घ्या.

शिकत असाल तर ससूनच्या किंवा औंधच्या उरो रुग्णालयाच्या छातीच्या ओपीडीत पोस्टिंग मिळतंय का ते विचारा. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, चालते तिथे एक सकाळ उभे राहा. तंत्रज्ञ ‘सोडा, सोडा, अजून सोडा’ म्हणत असतो, पेशंटचा चेहरा लाल होतो, आणि स्क्रीनवरची रेघ खाली यायला किती वेळ लावते ते बघा.